खुर्चीखालची मनी: इजिप्तच्या शैलीत घरच्या मांजरीचं चित्र

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात चौदा वर्षं राहिलेली मनी यंदा होळीच्या सुमाराला गेली. आईसाठी तिचं चित्र करायचंय आणि ते प्राचीन इजिप्तच्या चित्रांसारखं असावं असं तुमच्या मनात आहे. चित्रकला शाळेतल्या इंटरमिजिएट परीक्षेपर्यंत झालीय, त्यानंतर ब्रश हातात घेतलेला नाही. फोटो भरपूर आहेत, पण बहुतेक मोबाइलवर जवळून, समोरून काढलेले. मनी राखाडी पट्टेरी, छाती पांढरी, तीन पायांत पांढरे मोजे, डाव्या कानाला खाच, शेपटीचं टोक किंचित वाकडं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की मांजरीच्या रूपात पूजली जाणारी इजिप्तची देवी बास्टेट, तिची ती ताठ बसलेली प्रसिद्ध मूर्ती समोर ठेवून तिच्यावर मनीचे रंग चढवले तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मूर्ती समोर ठेवू नका.

मी नाशिकमध्ये चित्रकला शिकवते आणि गेली बावीस वर्षं लोकांच्या घरच्या कुत्र्या-मांजरांची चित्रं काढून देते. सुरुवातीच्या काळात कॉलेज रोडवरच्या एका काकूंनी त्यांच्या काळ्या मांजरीचं चित्र असंच 'इजिप्तसारखं' मागितलं होतं. मी ती मूर्ती उतरवली. लांब मान, ताठ पाठ, कानात बाळी, गळ्यात निळा-सोनेरी हार. तीन आठवडे खपले होते त्यावर. काकूंनी चित्र दोन्ही हातांत धरलं, बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "सुंदर झालंय गं. पण ही आमची काळी नाही. ती अशी ताठ कधी बसलीच नाही." त्यांचे डोळे भरलेले होते, पण चित्र बघून नव्हे, चित्रात ती सापडली नाही म्हणून. त्या दिवसापासून या कामात मी एकच कसोटी लावते. जिने त्या जिवाला रोज खायला घातलं, तिला चित्र बघताक्षणी नाव घ्यावंसं वाटलं पाहिजे.

आता त्या मूर्तीबद्दल. ब्रिटिश म्युझियममध्ये गेयर-अँडरसन मांजर म्हणून ओळखली जाणारी काशाची मूर्ती आहे, इ.स.पू. ६०० च्या सुमाराची. कानांत आणि नाकात सोन्याच्या बाळ्या, गळ्याखाली चांदीचा होरसचा (ससाण्याच्या रूपातल्या देवाचा) डोळा, डोक्यावर पवित्र भुंगेरा. अप्रतिम काम आहे, माझ्या टेबलावर तिचा फोटो कायम असतो. पण अशा मूर्ती भाविक देवळाला वाहायचे, आपल्याकडे नवस फेडताना चांदीचा डोळा किंवा पाळणा वाहतात तशा. नवसाच्या पाळण्यात अमुक एक बाळ नसतं, तसंच त्या मूर्तीत अमुक एक मांजर नसते. त्या उत्तरकाळात देवळांना वाहण्यासाठी मांजरं मुद्दाम पाळून मारलीही जात आणि त्यांच्या ममी केल्या जात. बेनी हसनजवळ अशा ममींचा प्रचंड साठा १८८८ मध्ये सापडला आणि त्यातल्या सुमारे १९ टन ममी १८९० मध्ये खत करण्यासाठी जहाजाने लिव्हरपूलला गेल्या. हे वाचल्यापासून ती बसलेली मूर्ती मला एखाद्या लाडक्या मांजरीच्या चित्रासाठी वापरवत नाही.

मग घरातली, मांडीवरची मांजर इजिप्तच्या कलेत कुठे आहे? ती आहे खुर्चीखाली.

त्या मूर्तीच्या सात-आठशे वर्षं आधी थीब्ज या इजिप्तमधल्या जुन्या शहरातल्या अधिकाऱ्यांनी आणि कारागिरांनी आपल्या थडग्यांच्या भिंती रंगवून घेतल्या. त्यांत नवरा-बायको मेजवानीला बसलेले असतात आणि खुर्चीखाली, बहुतेक वेळा बाईच्या खुर्चीखाली, त्यांचं मांजर असतं. नख्त नावाच्या लेखनिकाच्या थडग्यात ते मासा खातंय. पाठ वाकवून, सगळं लक्ष माशावर. इपुय नावाच्या शिल्पकाराच्या थडग्यात खुर्चीखाली मांजरी बसलीय, तिच्या कानात चांदीची बाळी आहे, आणि तिचं पिल्लू इपुयच्या मांडीवर चढून त्याच्या बाहीशी खेळतंय. चेहरा बाजूनेच काढायचा हा तिथला नियम, पण त्या मांजरीने तोंड सरळ आपल्याकडे वळवलंय. मांजर पाळलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. आपण पानावर बसलो की पाटाजवळ येऊन जी वर बघते, तीच ती.

आणि एक तुमच्यासाठी खास. फेरो तिसऱ्या अमेनहोतेपचा थोरला मुलगा, राजपुत्र थुतमोस, याने आपल्या मांजरीसाठी चुनखडीची कोरीव शवपेटी करून घेतली. ती कैरोच्या संग्रहालयात आहे. पेटीच्या बाजूवर मांजरी बसलीय आणि तिच्यासमोर नैवेद्याचं मेज मांडलंय, जसं मेलेल्या माणसासमोर मांडतात तसं. तिचं नाव ता-मिउ. 'मिउ' म्हणजे मांजर, 'ता' हे स्त्रीलिंगी शब्दांआधी येणारं उपपद, इंग्रजीतल्या 'द'सारखं. म्हणजे इजिप्तच्या युवराजाने आपल्या लाडकीला जी हाक मारली, ती आपल्या 'माऊ'च्या किती जवळची आहे बघा! साडेतीन हजार वर्षांपूर्वी नाईलकाठी आणि आज गोदाकाठी माणसाने मांजरीचं नाव तिच्याच तोंडून घेतलं.

म्हणून तुमच्या चित्रासाठी माझी सूचना अशी. आईची रोजची लाकडी खुर्ची काढा, रिकामी, बाजूने दिसणारी. तिच्याखाली मनी. तिच्यापुढे एक छोटं मेज आणि त्यावर तिची वाटी. तुम्ही लिहिलंय की आई तिला दुधात पोळी कुस्करून द्यायची. तेच तिचं पान. एवढंच. पिरॅमिड नको, पाम वृक्ष नको, आणि त्या भुंगेऱ्याची आणि होरसच्या डोळ्याची नक्षी तर मुळीच नको. ती तिथली पूज्य चिन्हं आहेत, प्रत्येकाला अर्थ आहे. जागा भरायला ती वापरू नयेत.

आता शैलीविषयी. इजिप्तच्या चित्रात डोकं बाजूने दिसतं पण डोळा समोरून, खांदे समोरून आणि पाय पुन्हा बाजूने. हे त्यांना जमत नव्हतं म्हणून झालेलं नाही. इंटरमिजिएटला तुम्ही स्मरणचित्राचा पेपर दिला असेल. बाजार काढा, बसस्टँड काढा. समोर काही नसतं, जे माहीत आहे ते मांडायचं असतं. इजिप्तचा चित्रकार कायम तेच करत होता. एका जागेवरून, एका क्षणी डोळ्याला जे दिसतं त्यापेक्षा त्या वस्तूबद्दल आपल्याला जे पक्कं ठाऊक आहे ते तो काढायचा, प्रत्येक भाग त्याच्या सगळ्यात ओळखीच्या बाजूने. आपल्याकडे पैठणची किंवा पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे कथा सांगताना दाखवायची चित्रं, बघा, तिथेही चेहरा बाजूने आणि त्यात टपोरा अख्खा डोळा आहे. हा विचार आपल्याला परका नाही.

वाटीचंच घ्या. बाजूने बघितलं तर वाटीतलं दूध दिसणार नाही. इजिप्तचा चित्रकार आत काय आहे ते सरळ वाटीच्या काठावर मांडून दाखवतो. तुम्हीही पोळीचे तुकडे काठाच्या वर काढा. तुम्हाला माहीत आहे ना आत काय आहे? मग ते दिसलंच पाहिजे.

यासाठी चित्राला हात लावण्याआधी एक काम करा. एका कागदावर मनीबद्दल तुम्हाला पक्कं माहीत असलेलं सगळं लिहून काढा. कोणत्या पायात मोजा नव्हता. पट्टे पाठीवर उभे होते की ठिपक्यांसारखे तुटलेले. शेपटीला किती कडी होती. नाक गुलाबी की विटकरी, त्याला काळी किनार होती का. बसताना शेपूट पायांभोवती घ्यायची की मागे सोडायची. आईशी बोलता बोलता काढून घ्या यातलं बरंचसं; ज्या हाताने रोज कुरवाळलं त्याला फोटोपेक्षा जास्त ठाऊक असतं. ही यादी तुमचं खरं मॉडेल.

फोटोंची अडचण मोठी आहे, पण सुटेल. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं, धड लहान आणि पाय जवळजवळ नाहीसेच. त्यावरून रेषा घेऊ नका. फक्त रंग आणि पट्ट्यांची जागा बघा. आकारासाठी व्हिडिओ शोधा. तिच्या चौदा वर्षांत कोणीतरी तिला ओट्यावरून, पडवीतून चालताना टिपलेलं असेलच. दोन-तीन मीटर लांबून, बाजूने चाललेली किंवा बसलेली दिसेल तिथे व्हिडिओ थांबवा आणि तो क्षण छापून घ्या. असे तीन-चार कागद पुरतात. इथे एक मोह होतो, तो आधीच सांगते. इजिप्तच्या भिंतींवरची मांजरं सडपातळ आणि लांब पायांची असतात, रानमांजराच्या जवळची. मनी शेवटच्या वर्षांत पोट सुटलेली असेल, तर तिला बारीक करू नका. लांब मानेने मांजर इजिप्तची होत नाही. ती होते ती स्वच्छ बाह्यरेषेने.

कागद घ्या ३०० जीएसएमचा, गुळगुळीत पृष्ठभागाचा. खडबडीत जलरंगाच्या कागदावर ही लांब रेषा तुटते. पाव इम्पीरिअल, म्हणजे ११ बाय १५ इंच, हा आकार पहिल्या चित्राला बरा. 'पपायरस' (इजिप्तमध्ये पाणवनस्पतीपासून करत तो कागद) म्हणून मिळणारे तपकिरी कागद टाळा, त्यावर रंग आणि रेषा दोन्ही फसतात. शिवाय थीब्जची ही चित्रं पपायरसवर नाहीत, भिंतीवर आहेत. मातीत भुसा मिसळून केलेला गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर, आणि तो वाळल्यावर रंग. अजिंठ्यातही चित्रं अशाच वाळलेल्या थरावर आहेत. तुमच्या वाड्याची एखादी जुनी भिंत कुठे पोपडा निघालेली असेल तर जवळ जाऊन बघा, माती, भुसा आणि वरचा चुन्याचा हात वेगवेगळे दिसतील. तो जो उबदार मळकट पांढरा रंग दिसतो, तो तुमची पार्श्वभूमी. पांढऱ्या रंगात पिवळ्या मातीचा, म्हणजे यलो ऑकरचा, थेंबभर अंश घालून आधी सगळ्या कागदावर पातळ हात मारा आणि रात्रभर वाळू द्या.

मग चौकोन. माणसाची आकृती ते अठरा चौकोनांत बसवायचे, तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत. चौकोन आखायची त्यांची रीत आपल्या गवंड्यांना नवी वाटणार नाही: तांबड्या रंगात भिजवलेली दोरी भिंतीवर ताणायची आणि मधोमध धरून फटकारायची. मी मुलांना हे एकदा तरी करायला लावते. साधा शिवणाचा जाड दोरा, पाण्यात कालवलेला गेरू, दोन जणांनी दोन टोकं धरायची. दोरा सुटला की कागदावर रेघ उमटते आणि बारीक शिंतोडे उडतात. पुष्कळ मुलं त्या आवाजाने दचकतात आणि मग पुन्हा पुन्हा करायला मागतात. तुम्ही पट्टीने आखलंत तरी चालेल, पेन्सिल मात्र तांबडी घ्या. मनीसाठी मी असं माप धरलं असतं: तिच्या डोक्याची उंची चार चौकोन. मग व्हिडिओवरून काढलेल्या कागदावर मोजा, बसलेल्या मनीची एकूण उंची किती डोकी, पाठीची लांबी किती डोकी. कान किती चौकोनात बसतो. प्रत्येक मांजरीचं हे गणित वेगळं येतं आणि ओळख निम्मी तिथेच पटते.

पायांखाली जमिनीची सरळ रेघ हवीच. इजिप्तच्या चित्रात काहीही अधांतरी नसतं. खुर्चीचे पाय, मनीचे पंजे आणि मेजाचा पाया एकाच रेघेवर टेकले पाहिजेत. लांबचं-जवळचं दाखवू नका, सावली तर अजिबात नको.

आता त्या कानाच्या खाचेकडे येऊ, कारण सगळं चित्र माझ्या मते त्या खाचेवर उभं राहणार आहे. इजिप्तच्या आकृत्या सहसा उजवीकडे बघतात. मनी उजवीकडे बघत असेल तर आपल्याला तिची उजवी बाजू दिसते आणि डावा, खाचेचा कान पलीकडे जातो. तिचं तोंड डावीकडे फिरवणं सोपं वाटेल, तेही चालतं, डावीकडे बघणाऱ्या आकृत्याही पुष्कळ आहेत. पण गरज नाही. बाजूने काढलेल्या मांजरीलाही तिथे बहुतेक वेळा दोन्ही कान असतात, एकामागे एक. तर अलीकडचा कान पूर्ण काढा, आणि पलीकडचा त्याच्या पुढे थोडा सरकवून असा काढा, की त्याचं टोक आणि बाहेरची कड मोकळ्या पार्श्वभूमीवर येईल. खाच तिथे घ्या. 'व्ही' आकाराची करकरीत खाच काढू नका. जुन्या जखमेची कड वाळून गोल झालेली असते, एका बाजूला किंचित जाड. ती खाच काढायला फार तर अर्धा मिनिट लागेल, पण त्याआधी वेगळ्या कागदावर वीस वेळा काढून बघा. शेपटीच्या वाकड्या टोकाचंही तसंच. शेपूट पायांखाली लपवू नका, जमिनीच्या रेघेवर मागे पूर्ण सोडा, टोक वर वळलेलं. ती मागे सोडून बसत नसेल, पायांभोवती घेत असेल, तर पुढून वळवून टोक पंजांसमोर आणा. काहीही झालं तरी टोक दिसलंच पाहिजे.

पहिली रेषा तांबड्या रंगात, पातळ. तिथले शिकाऊ हात तांबड्याने काढायचे आणि मुख्य चित्रकार काळ्याने दुरुस्त करायचा. अर्धवट राहिलेल्या थडग्यांत या दोन्ही रेषा आजही दिसतात. तुम्हीही खोडरबर वापरू नका. चुकलं तर शेजारी दुसरी, बरोबर रेषा काढा, रंगाखाली सगळं जाईल.

रंगांचं बोलायचं तर आपण नाशिकचे लोक पारदर्शक जलरंगांवर वाढलोय. शिवाजी तुपे यांच्यासारख्यांची निसर्गचित्रं बघत, घाटावर बसून पाण्यात रंग सोडायला शिकतो. ते सगळं या चित्रापुरतं बाजूला ठेवा. इथे रंग वाहत नाही. इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रात पोस्टर कलर सपाट भरला असेल, तो हात आठवा. गवाश (अपारदर्शक जलरंग) किंवा चांगले पोस्टर कलर घ्या, चमकणारं अक्रिलिक नको. पिवळी माती, गेरू, काळा, पांढरा, कोबाल्ट निळा आणि एक हिरवा, बस. त्यांच्याकडेही साधारण एवढंच होतं: पिवळी आणि तांबडी माती, काजळी, चुनखडी किंवा जिप्समचा पांढरा, आणि त्यांचा तो प्रसिद्ध निळा. वाळू, चुना, तांब्याचं खनिज आणि क्षार एकत्र करून ८५० ते १००० अंश सेल्सिअसला भाजून तो बनवत. माणसाने स्वतः तयार केलेल्या सर्वांत जुन्या रंगांपैकी तो एक. कोबाल्टमध्ये किंचित हिरवा आणि पांढरा मिसळलात की त्याच्या जवळ जाता येतं. रंग बांधायला ते बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंकही वापरत. आपल्या बाभळीचं शास्त्रीय नाव अनेक वर्षं अकेशिया निलोटिका होतं, म्हणजे नाईलची बाभूळ. गावाकडे बांधावर जी उभी असते, तीच.

रंग ताकाइतका दाट कालवा आणि एका भागाला लागेल तेवढा एकदाच कालवा, दुसऱ्यांदा तीच छटा जुळत नाही. पहिला हात आडवा, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा उभा. ट्यूबमधला काळा किंवा पांढरा नुसता कुठेही वापरू नका. मनीच्या राखाडीसाठी पांढरा, काळा आणि त्यात पिवळ्या मातीचा अंश. छातीच्या पांढऱ्यातही थेंबभर पिवळी माती. पट्ट्यांसाठी गेरूत काळा मिसळून गडद तपकिरी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इजिप्तचं चित्र म्हणजे सगळं सपाट, असं मानून लोक मांजरीला एकाच रंगात बुडवून टाकतात. ब्रिटिश म्युझियममधलं नेबामुनच्या थडग्यातलं चित्र मोठं करून बघा, इ.स.पू. १३५० च्या आसपासचं. हा नेबामुन अमुन देवाच्या मंदिराच्या धान्याचा हिशेब ठेवणारा. तो पत्नी आणि मुलीसह बोरूच्या होडीतून पाणपक्ष्यांच्या शिकारीला गेलाय, आणि पपायरसच्या झुडपात त्याच्याबरोबर एक पट्टेरी मांजर आहे, एकाच वेळी तोंडात आणि पंजांत मिळून तीन पक्षी पकडलेलं. माणसांची अंगं सपाट रंगात आहेत, पण त्या मांजराचा केस न् केस बारीक ब्रशने ओढलाय. पक्ष्यांच्या पिसांचंही तसंच. नांदूरमध्यमेश्वरला थंडीत पाणकणसांच्या कडेला बसून पक्षी बघितले असतील तर ती गर्दी, तो फडफडाट ओळखीचा वाटेल. माणूस ठरलेल्या साच्यात काढायचा होता, प्राण्याकडे मात्र त्या चित्रकाराने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. म्हणून मी म्हणते, खुर्ची, मेज, वाटी सपाट ठेवा. सगळी मेहनत मनीच्या अंगावर करा.

त्यासाठी दोन नंबरचा टोकदार ब्रश. सपाट राखाडी वाळल्यावर त्यावर थोड्या गडद राखाडीने केस ओढा, डोक्याकडून शेपटीकडे, जसं आपण हात फिरवतो त्याच दिशेने. गालावर आखूड, मानेवर थोडे लांब, पोटाखाली पुन्हा विरळ. ब्रश अर्धा कोरडा करून घ्या, नाहीतर केसांच्या जागी दोऱ्या दिसतील. पट्टे आधी अखंड भरून मग त्यांच्या कडांवरून असेच केस ओढले की पट्टा अंगात मुरतो. हे काम एका बैठकीत करू नका, तीन संध्याकाळी घ्या. पांढऱ्या मोज्यांची कड सरळ रेघेत कापू नका, तिथेही केस एकमेकांत जातात. आणि ज्या पायात मोजा नाही तो पाय पुढे दिसेल असा ठेवा.

सगळ्यात शेवटी बाह्यरेषा. काळी नको, गेरूत काळा मिसळून केलेली तपकिरी. मान ते शेपूट एका श्वासात, कोपरापासून हात फिरवून. ही एक रेषा जमली तर चित्राला इजिप्त आपोआप येतो. रोज अर्धा तास रद्दी कागदावर हीच एक रेषा ओढा, आठवडाभर. यात तुमचा वेळ जाणार आहे, जाऊ द्या.

नाव लिहायचं असेल तर तिचं नाव चित्रलिपीत सहज बसतं. त्या लिपीत स्वर लिहीत नसत. 'म'ला घुबड, 'न'ला पाण्याच्या लाटेची नागमोडी रेघ, आणि 'य'साठी बोरूची दोन पानं. शेवटच्या 'ई'ला तीच चालतात. वरून खाली याच क्रमाने मांडा आणि शेवटी बसलेली छोटी मांजर काढा. ती वाचायची नसते, हा शब्द कशाबद्दल आहे ते सांगते. घुबड आणि पानं मनी ज्या दिशेला बघतेय त्याच दिशेला वळवा. घुबडाचं अंग बाजूने पण तोंड मात्र समोर, ते तसंच असतं. नावाभोवती लांबट वर्तुळ काढू नका, ते राजे-राण्यांच्या नावांसाठी आहे. युवराजाच्या मांजरीलाही ते मिळालं नव्हतं. चौकटीला त्यांच्या पद्धतीने रंगीत आयतांची पट्टी घ्या, आणि आईकडे येवल्याची पैठणी असेल तर त्या पट्टीत तिच्या काठाचे रंग येऊ द्या, मोर-पोपट मात्र नकोत. चित्रात एकच जीव राहू द्या.

उरला डोळा. नेबामुनच्या त्या मांजराच्या डोळ्याला सोन्याचा मुलामा आहे. थीब्जच्या थडग्यांतल्या चित्रांत सोनं सहसा दिसत नाही. तिथे ते फक्त त्या डोळ्यात लावलंय. सूर्यदेव रे मांजराच्या रूपात अंधाराच्या सापाला मारतो अशी त्यांची कथा होती, आणि त्या शिकारी मांजरात त्यांना तो उजेड दिसत असावा. मनीचा डोळा सोनेरी करायचा असेल तर खरा सोन्याचा वर्ख थोडासा मिळवा. एका डोळ्याला नखाएवढा तुकडा पुरतो. मिठाईवरचा चांदीचा वर्ख लावून त्यावर पिवळा रंग देऊ नका, चांदी दोन-तीन पावसाळ्यांत काळवंडते. सोनेरी पोस्टर कलरही काही वर्षांत तपकिरी पडतो. डोळ्याच्या जागी आधी गेरूचा सपाट थर द्या. वाळल्यावर डिंकाचं पाणी ब्रशने लावा आणि ते बोटाला किंचित चिकटेल इतपत सुकू द्या. पंखा बंद करा, खिडकी लावा, वर्ख श्वासानेही उडतो. मऊ कोरड्या ब्रशने तुकडा उचलून ठेवा, वर पातळ कागद धरून अंगठ्याने दाबा. दुसऱ्या दिवशी कापसाने जास्तीचा झटका. मग काळी बाहुली. मनीची बाहुली दुपारच्या उन्हात उभी चीर व्हायची की संध्याकाळची गोल आठवते, ते ठरवून घ्या. मी असते तर संध्याकाळची घेतली असती, आई घरी आल्यावरची.

फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच, नाहीतर जुलै-ऑगस्टच्या दमटपणात डिंकाच्या रंगाला बुरशी धरते. वाड्याच्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, आतल्या कोरड्या भिंतीवर टांगा. आणि बंद करण्याआधी कागदाच्या मागे साध्या पेन्सिलने तिचं नाव, ती घरात आली ते वर्ष, गेली ते वर्ष, आणि तिला पोळी कोण कुस्करून द्यायचं ते लिहून ठेवा.